नवा थ्रेड सुरू करता येत नाही

भाऊजी,

तुमचा मोबाईल अजून बंद केलेला नाही. मीच तो रोज चार्जिंगला लावते. तेराव्याची मंडळी गेली, ओटा धुऊन झाला, आणि आज सकाळी चहा घेताना त्यावर सूचना वाजली: आपल्या रक्तदात्यांच्या यादीच्या सर्व्हरवर चालू कामांची संख्या नेहमीपेक्षा जास्त झाली आहे. सवयीने मी हाक मारली, "भाऊजी, बघा हो जरा." तुमचे दादा समोर बसले होते. त्यांनी पेपराची घडी घातली आणि चिकूच्या वाडीत निघून गेले.

संख्या थोड्या वेळाने आपोआप खाली आली. तुम्ही घातलेली मर्यादा काम करते आहे. खरं तर एवढंच कळवायचं होतं. पण आपला एक वाद अर्धा राहिला आहे, आणि त्यात उत्तर द्यायची पाळी माझी होती. झरीच्या सुनीताच्या मरणाला आपली यादी कारण झाली की नाही, हे तुम्ही मला दोन वर्षं विचारत होता. मी दोन वर्षं टाळत होते.

यादी कशासाठी काढली ते तुमच्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहे, इतर कोणी हे वाचलं तर म्हणून सांगते. तुमच्या बोर्डीच्या शाळेत तलासरीकडची एक मुलगी होती. तिला सिकलसेल हा रक्ताचा आजार होता, रक्त चढवायला जायची म्हणून महिन्यातून दोनदा गैरहजर. तुम्ही रागावलात तेव्हा तिने हातावरची सुईची खूण दाखवली. त्या दिवशी तुम्ही घरी आलात ते न जेवता संगणकापाशी बसलात. पायथॉनमध्ये एक छोटा प्रोग्राम लिहिलात: रक्तगट आणि गाव टाकलं की जवळच्या दात्यांची नावं यायची आणि त्या दात्यांना आपोआप संदेश जायचा. दूर कुठल्या तरी कंपनीच्या सर्व्हरवर आपण एक कोपरा भाड्याने घेतला. नावं तपासण्याचं काम माझ्याकडे आलं, कारण मी पतपेढीत हिशेब बघते आणि तुमच्या मते मला दुसऱ्याच्या चुका शोधण्याची हौस आहे.

"वहिनी, लोक रक्त द्यायला आलेत, कर्ज मागायला नाही. एवढी चौकशी कशाला?"

"मागच्या वेळी कधी दिलं तेच विचारते. तीन महिने झाले नसले तर त्याचं घेणार नाहीत, आणि मागणाऱ्याचा फेरा फुकट."

"तुम्ही यमाच्या दारात बसलात ना, तर तोही कागदपत्रं पूर्ण करून घरी जाईल."

हे तुम्ही पाहुण्यांसमोरही सांगायचात. मला राग यायचा. आता कोणी सांगत नाही.

मग यादी पडायला लागली. आधी पंधरवड्यातून एकदा, मग आठवड्याला. बंद करून चालू केली की ठीक, पुन्हा काही दिवसांनी आडवी. आधी तुम्हाला वाटलं मेमरी कमी पडते. मग वाटलं नावांचा साठा कुठे तरी अडकतो. एका रविवारी तुम्ही ओट्यावर लॅपटॉप घेऊन बसला होता, मी शेजारी चिकू निवडत होते. पडद्यावर इंग्रजीत एकच ओळ पुन्हा पुन्हा येत होती. मी अर्थ विचारला.

"नवा थ्रेड सुरू करता येत नाही, असं म्हणतोय."

"थ्रेड म्हणजे?"

तुम्ही मला कंटाळा न करता समजावलंत. प्रोसेस म्हणजे एक स्वयंपाकघर. थ्रेड म्हणजे त्यातला एकेक वाढपी. पाहणारा एक आला की त्याच्यासाठी एक वाढपी उभा राहतो. कंपनीने आपल्याला एका वेळी जेवढे चालवायला दिलेत, त्यात स्वयंपाकघरंही मोजली जातात आणि वाढपीही.

"पडायच्या आधी किती चालू होते?" मी विचारलं.

तुम्ही पाहिलंत. "शंभर."

"त्याच्या आधीच्या वेळी?"

"शंभर." तुम्ही आणखी मागे गेलात. "दर वेळी शंभर."

"मग ते बिघडत नाहीये, भाऊजी. भरतंय."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. "आणि तेव्हा यादी बघत किती जण होते?" असं मी विचारायच्या आत तुम्हीच आकडा काढला होतात. तिघे की चौघे. बाकीचे सगळे वाढपी दात्याला संदेश पाठवून, संदेशवाल्या कंपनीचं "पोचला" असं उत्तर यायची वाट बघत उभे होते. उत्तर कधी कधी यायचंच नाही. किती वेळ थांबायचं ते तुम्ही त्यांना सांगितलेलंच नव्हतं. म्हणून ते उभेच राहायचे, दिवसेंदिवस, आणि एक दिवस शंभर भरायचे. तुम्ही मांडीवर हात मारून एवढ्या मोठ्याने हसलात की हे आतून बाहेर आले. "तुम्ही दोघं एकदा त्या मशीनचं लग्न लावून टाका," म्हणाले, "म्हणजे घरातल्यांना जेवायला मिळेल."

तो आपला चांगला दिवस होता. पण खरा वाद त्याच दिवशी सुरू झाला.

मी म्हटलं, दोन गोष्टी करा. वाट बघायला वेळ ठरवून द्या, आणि वाढपी मोजकेच ठेवा. जास्त लोक आले तर त्यांना सांगा, थांबा, नंबर लावलाय. पहिली गोष्ट तुम्हाला पटली. दुसरीला तुम्ही मान हलवली.

"रक्त मागायला आलेल्या माणसाला थांबा म्हणायचं? वहिनी, आपल्या दारातून कधी कोणाला परत पाठवलंय?"

आपल्या घराचा हा नियम तुम्ही सगळीकडे मिरवायचात. वाडीतल्या पूजेला जो येईल तो जेवून जाणार: तोडणीवाले, टेम्पोवाले, रस्त्याने जाणारा कोणीही. सासूबाईंनी घालून दिलेला नियम. तेव्हा मी तुम्हाला सांगितलं की तुम्ही ओट्यावर असायचात, मी चुलीपाशी असायचे. शेवटच्या पंगतीच्या आमटीत मी स्वतः पाणी घातलंय.

"पण उपाशी कोणी गेलं का?"

"नाही गेलं. कारण सासूबाई आधी पत्रावळी मोजायच्या. तीस पानं मांडली की तीसच माणसं बसायची. बाकीची पिंपळाखाली. पहिली उठली की दुसरी. सगळी एकदम बसवली असती ना, तर वाढायला आत-बाहेर करायलाही जागा उरली नसती."

तुम्ही म्हणालात, बघू. मग कंपनीकडून मोठा कोपरा घेतलात. शंभराचे दोनशे झाले. मी म्हटलं, याने पडायचं थांबणार नाही, लांबेल. तुम्ही म्हणालात, तेवढं तर लांबू दे. वाट बघायला वेळ ठरवून द्यायचं कामही शाळेच्या परीक्षा, मग प्रवेश, मग निवडणुकीची ड्युटी यांत मागे पडलं. यादी बरेच महिने पडली नाही. तुमचं खरं झालं असं मलाही वाटायला लागलं होतं.

त्यानंतर सुनीता.

झरीची, पहिल्या बाळंतपणाची, अंगात सिकलसेल. बाळंत होताना रक्त गेलं. गट ओ निगेटिव्ह. रक्तपेढीत त्या गटाची पिशवी नव्हती. तिचा नवरा जानू याला कोणी तरी आपल्या यादीचं सांगितलं, आणि त्याच वेळी दवाखान्यातल्या कोणी तरी भल्या माणसाने मदतीचा संदेश मोबाईलच्या ग्रुपवर टाकला, खाली आपल्या यादीची लिंक. संदेश डहाणूहून तलासरीला, तिथून उंबरगावला, तिथून मुंबईला गेला. ज्याने वाचला त्याने लिंक उघडली. द्यायला नव्हे, नुसती बघायला. कोणी हात जोडले, कोणी पुढे पाठवला. वाईट हेतूचा एकही माणूस त्यात नव्हता. आणि यादी दोनशेवर जाऊन आडवी झाली.

तुम्ही शाळेत तास घेत होता. कळलं तेव्हा वर्ग तसाच टाकून संगणकाच्या खोलीत गेलात, सर्व्हर बंद करून चालू करायला. आणि तुम्हाला आतच जाता येईना. आत शिरायलाही एक प्रोसेस लागते, आणि आपल्या वाट्याच्या सगळ्या संपल्या होत्या. मला फोन केलात तेव्हा तुमचा आवाज मी ओळखला नाही. "वहिनी, माझ्याच घरात मला पाय ठेवायला जागा नाही." मी पतपेढीतून माझ्याजवळच्या छापील प्रतीवरून एकेक नंबर लावत गेले. पाचव्या फोनला उंबरगावचा एक माणूस मिळाला. निघाला, पोचला. तोपर्यंत सुनीता गेली होती. बाळ राहिलं.

डॉक्टर म्हणाले, लवकर मिळालं असतं तरी सांगता येत नाही. हे वाक्य मी घट्ट धरून ठेवलं. दुसऱ्या दिवशी तुम्हाला तेच ऐकवलं: तुमची चूक नाही, डॉक्टरच सांगता येत नाही म्हणतात.

तुम्ही जेवणाचं ताट सरकवलंत. "वहिनी, पतपेढीत एका रुपयाचा फरक आला तर तुम्ही घरी येत नाही. आणि माझ्या वेळेला राऊंड फिगर?"

मी ताट पुन्हा तुमच्यापुढे केलं. तुम्ही पुन्हा म्हणालात, "हो की नाही, एवढंच सांगा."

आठ-पंधरा दिवसांत तुम्ही सगळं नव्याने बांधलंत. चार प्रोसेस, प्रत्येकीत आठ थ्रेड. आठ चोक बत्तीस, त्याच्या वर एकही नाही. संदेश पाठवायचं काम वेगळं काढलंत, त्याला थांबायची मुदत दिलीत. तुम्हाला आत शिरायला जागा कायम मोकळी राहील असं केलंत. बत्तीसच्या वर माणसं आली की पडद्यावर येतं: "थोडं थांबा. तुम्ही रांगेत आहात, तुमची पाळी येईल." हे वाक्य लिहायला तुम्हाला सगळ्यात जास्त वेळ लागला. मी पाहत होते, दहा वेळा खोडलंत.

मग झरीला जायचं म्हणालात. मी आले, कारण तुम्हाला एकट्याला सोडवेना. तलासरीहून रिक्षा केली. जानू अंगणात होता, बाळ जानूच्या आईच्या मांडीवर. तुम्ही काही लपवलं नाहीत. यादी माझी आहे, त्या दिवशी ती बंद पडली, ती का पडली ते मला आधीपासून माहीत होतं, असं उभ्यानेच सांगितलंत. मी ते "आधीपासून" ऐकून तुमची बाही ओढली. तुम्ही ती सोडवून घेतलीत.

जानूने बराच वेळ पायाने माती सारखी केली.

"मी डोंगरीवर जाऊन बघत होतो," तो म्हणाला. "खाली रेंज नाय. वर गेलो तर नुसतं गोल गोल फिरत होतं. मला वाटलं माझाच मोबाईल खराब."

"मोबाईल चांगला होता," तुम्ही म्हणालात.

"आता चालते का ती?"

"चालते. दुरुस्त केली."

"किती दिवस लागले?"

"पंधरा."

त्याने तुमच्याकडे सरळ बघितलं. आवाज चढवला नाही. "मंग तेव्हा का नाय केली, सर?"

म्हातारीने आपल्याला पाणी दिलं, आपण प्यायलो. परतताना रिक्षात तुम्ही बाहेर बघत होता. डहाणूला उतरल्यावर म्हणालात, "शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं."

त्यानंतर तुम्ही पूर्वीसारखे हसला नाहीत. यमाचा विनोदही बंद केलात. शाळेत जात होता, वाडीत येत होता, यादी एकदाही पडू दिली नाहीत. पण मधूनच, भाजी वाढताना, गाडीची वाट बघताना, विचारायचात, "वहिनी, झरीचं काय ठरलं तुमचं?" जणू मी एखादा अर्ज दाबून ठेवला होता. मी म्हणायचे, डॉक्टर काय म्हणाले ते आठवा. तुम्ही मान हलवायचात. तुमचा माझ्यावर विश्वास होता, आणि त्या एका बाबतीत तो रोज थोडा कमी होत होता, हे मला दिसत होतं.

या पावसाळ्यात ताप आला. डेंग्यू म्हणाले. वापीच्या दवाखान्यात नेलं तेव्हा प्लेटलेट घसरलेल्या होत्या. मी तुमच्याच यादीत तुमचं नाव घातलं. मागणारा म्हणून ते पहिल्यांदाच तिथे आलं. तुमचे विद्यार्थी किती गावांत पसरलेत ते त्या दिवशी कळलं. लिंक फिरली, लोक तुटून पडले. मी दवाखान्याच्या पायरीवर बसून तुमच्या मोबाईलवर आकडा बघत होते. बत्तीस. बत्तीस. बत्तीस. त्याच्या वर गेला नाही. रांग हलत होती. दाते एकेक करून येत होते.

आत आले तर तुम्ही जागे होता.

"चालतेय ना?"

"चालतेय."

"किती थांबलेत रांगेत?"

"चाळीसच्या वर होते. आता कमी झाले."

"कोणी परत गेलं?"

"दोघं गेले. कंटाळून. माझ्याकडे त्यांचे फोन आले, थांबा काय म्हणता म्हणून भांडले."

तुमचे ओठ कोरडे होते, तरी तुम्ही हसलात. "खरं सांगितलंत," म्हणालात. आणि लगेच, "मग झरीचंही सांगा."

नर्स बाटली बदलायला आली होती. मी म्हणाले, "बरे व्हा, मग बोलू."

दाते मिळाले, प्लेटलेट वेळेवर मिळाल्या, डॉक्टरांनी कसर ठेवली नाही, आणि तुम्ही गेलात.

त्यानंतरच्या दिवसांत माझ्या मनात एक हिशेब आला, तोही सांगते, कारण तुम्ही तो पकडलाच असतात. मला वाटलं, तुमच्या वेळेला यादी चालू होती, सगळं वेळेत मिळालं, तरी माणूस गेला. म्हणजे यादी चालू असती तरी सुनीता गेलीच असती. म्हणजे तुम्ही सुटलात. दोन दिवस मला त्याने बरं वाटलं. मग लक्षात आलं की ही दोन वेगळी खाती आहेत. एकातली शिल्लक दुसऱ्यात ओढून पतपेढीत कोणी मेळ जमवला असता, तर मी त्याला तो पुन्हा करायला लावला असता.

परवा जानू आला होता. कोणाकडून कळलं त्याला. अंगणात चप्पल काढून उभा राहिला, बसा म्हटलं तरी बसेना. मुलगी दोन वर्षांची झाली, चालते, म्हणाला. मी चहा केला.

"सर मला खोटं नाय बोलले," तो म्हणाला. "दवाखान्यात सगळे बोलले, देवाची मर्जी. सर तेवढे बोलले नाय."

तो गेल्यावर मी ठरवलं की आता लिहायचं.

भाऊजी, सुनीता गेली त्याच आठवड्यात मी हा हिशेब केला होता. त्या दिवशी यादीवर किती माणसं आली याची नोंद सर्व्हरवर होती, तुम्हीच मला ती बघायला शिकवलं होतं. एकेका माणसाला किती वेळ लागतो तेही दिसत होतं. बत्तीस जागा आणि एक रांग धरून मी मांडून पाहिलं. जानूची पाळी चहाला उकळी यायच्या आत लागली असती. उंबरगावच्या माणसाचं नाव त्याला दिसलं असतं, त्या माणसाला संदेश गेला असता, आणि तो माझ्या फोनच्या बऱ्याच आधी निघाला असता. हे मला पहिल्यापासून माहीत होतं. डॉक्टरांचं वाक्य मी पुढे करत राहिले, कारण हा आकडा तुम्हाला दाखवायचं धाडस माझ्यात नव्हतं.

तेवढ्या वेळात ती वाचली असती का, हे मला मोजता येत नाही, आणि जे मोजता येत नाही ते मी लिहीत नाही. या चार वर्षांत यादीमुळे किती जणांना रक्त मिळालं तो आकडा माझ्याकडे आहे, आणि तो मोठा आहे. तो मी यातून वजा करणार नाही. तुम्ही करू दिला नसतात.

तुम्ही हो की नाही विचारलं होतं. हो. तुमचा वाटा त्यात आहे. किती ते सांगता येत नाही, पण शून्य नाही.